परदेशी बी आणि घरचे कलम

(रत्नागिरी येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



गेल्या वर्षीच्या संमेलनात सायंकाळच्या सभेचे काम तासभर ज्या वादाने अडून राहिले, तो वाद आपणांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. आफ्रिकेतून येणाऱ्या काजूबीवर सरकारने जबर आयातकर बसवावा, असा ठराव मंडळाने संमत करून वर पाठवावा, अशी सूचना लांजे-राजापूरकडील काही बागायतदार बंधूंनी मांडली होती. तिला विरोध झाला, आणि तो परक्या कोणी नव्हे, तर आपल्याच ज्ञातीतील काजूचे कारखाने चालविणाऱ्या बंधूंनी केला. एक म्हणे, परदेशी बीमुळे आमच्या बीला भाव नाही. दुसरा म्हणे, परदेशी बी आली नाही तर आमचा कारखाना वर्षातून चार महिनेच चालेल. दुपारी एका पंगतीला बसलेली माणसे सायंकाळी एकमेकांकडे पाठ फिरवून बसली, हे दृश्य काही शोभादायक नव्हते. अध्यक्षांनी ठराव वर्षभर तहकूब ठेवला आणि या प्रश्नाचा काही अभ्यास करून सांगावे, अशी आज्ञा आम्हांस केली. आम्ही अर्थशास्त्रज्ञ नव्हे. आमचे आयुष्य शाळेत मुलांना विज्ञान शिकविण्यात गेले, आणि घरची काजूची काही झाडे एवढाच आमचा या धंद्याशी संबंध. तेव्हा जे वाचले, जे जाणत्यांना विचारून घेतले आणि ज्याची खात्री पटली, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

प्रश्न दिसावयास काजूचा आहे; परंतु दिल्लीत बसणाऱ्या कोणत्याही सरकारपुढे तो निरनिराळ्या वेषांत नित्य उभा असतो. खनिज तेल, खते, औषधांची मूळद्रव्ये, विजेवर चालणाऱ्या मोटारींची चुंबके, अशी किती नावे घ्यावीत! सर्व काही घरीच पिकविणारे आणि घरीच घडविणारे राष्ट्र जगात नाही, आणि तसे होण्याचा हट्ट धरणे शहाणपणाचेही नव्हे. मात्र दुसऱ्याच्या मालावर आपली चूल अवलंबून असली, म्हणजे तो माल थांबला तर काय करावयाचे, याचा विचार ज्याने त्याने करून ठेवावा लागतो. सरकारपाशी यासाठी उपाय मुख्यतः दोन. एक बंदराच्या दाराशी बसून करावयाचा: कर चढवावा, उतरवावा, परवाना द्यावा किंवा नाकारावा. दुसरा उपाय शेतात आणि प्रयोगशाळेत करावयाचा. पहिल्याचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दिसतो. दुसऱ्याचा परिणाम दिसू लागेपर्यंत, ज्या मंत्र्याने पैसा मंजूर केला त्याचे नावही लोक विसरून गेलेले असतात. काजूच्या धंद्यात या दोन्ही उपायांची परीक्षा होऊन गेलेली आहे, आणि तिचा काही भाग आपल्या डोळ्यांसमोर झाला आहे.

काजू हे झाडच मुळी परदेशी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून आपल्या किनाऱ्यावर आणले. आणि आज आपण त्याला इतके घरचे मानतो की ओल्या काजूगरांच्या उसळीवाचून चैत्र-वैशाखातील आपले लग्नाचे जेवण पुरे होत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केरळातील कोल्लम आणि कर्नाटकातील मंगळूर येथे काजू फोडण्याचे कारखाने उभे राहिले. देशातील बी त्यांना पुरेना, तेव्हा मोझांबिक व टांगानिका या पूर्व आफ्रिकेतील मुलखांतून बी येऊ लागली. आफ्रिकेत बी वेचली जावी, आपल्याकडील गरीब स्त्रियांनी ती भाजून फोडावी आणि अमेरिकेत गर खाल्ला जावा, अशी ती तीन खंडांची वाटणी होती. टरफलातील तेलही वाया जात नसे. मोटारींच्या ब्रेकच्या पट्ट्यांत, रंगांत आणि व्हार्निशांत ते उपयोगी पडते. ज्या तेलाने बी फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची सालटी निघत, त्याच तेलावाचून मोटार थांबत नसे, हा योगायोग आम्हांस नेहमीच विचार करावयास लावतो.

ही व्यवस्था पुष्कळ वर्षे सुरळीत चालली. जगात फोडला जाणारा बहुतेक काजू भारतात फोडला जाई. पुढे १९७० साली भारत सरकारने कॅश्यू कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था काढली आणि काजूबीची आयात तिच्या एकटीच्या हाती सोपविली. हेतू वाईट नव्हता. खरेदी एका हाताने व्हावी आणि आलेला माल कारखान्यांना वाटून मिळावा, हा त्यात उद्देश होता. दाराशी असा चोख पहारा बसला. परंतु दाराच्या पलीकडच्या बाजूलाही माणसे राहतात आणि तीही विचार करतात. टांझानिया व मोझांबिक येथील नव्या स्वतंत्र सरकारांना वाटू लागले, की बी आमची असताना फोडण्याची मजुरी दुसऱ्याने का खावी? त्यांनी परदेशी कर्जे काढली, इटालियन यंत्रे आणून कारखाने उभारले आणि कच्च्या बीची निर्यात आवळत आणली. त्यातच मोझांबिकमध्ये यादवी युद्ध पेटले आणि दोन्ही देशांतील पीक घटले. १९७० च्या दशकाच्या आरंभी भारतात जेवढी बी येत होती, तिचा लहानसा अंशच दशक संपताना येऊ लागला. कोल्लमचे कारखाने वर्षातील कित्येक महिने बंद राहू लागले आणि हजारो स्त्रिया घरी बसल्या. आपल्या हाती दाराची किल्ली होती, पण दाराबाहेर गाडीच उभी राहिना, तेव्हा त्या किल्लीचा उपयोग काय?

मोझांबिकच्या कारखान्यांचे पुढे काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे. यंत्रे विकत आणली होती. ती दुरुस्त करणारे, सुधारणारे आणि आपल्या बीच्या आकाराप्रमाणे बेतणारे हात मात्र तयार झाले नव्हते. ती यंत्रे गराचे तुकडे फार करीत. १९९० नंतर कारखाने खाजगी मालकांकडे गेले. आणि १९९५ च्या सुमारास जागतिक बँकेने कर्जाच्या अटीत असे घातले, की कच्च्या बीवरील निर्यातकर उतरवा, म्हणजे शेतकऱ्याला भाव चढा मिळेल. कर उतरला, बी बोटीत चढली, आणि ती आली कोठे? आपल्याकडे! तेथील कारखाने एकामागून एक बंद झाले आणि हजारो मजूर बेकार झाले. शेतकऱ्याच्या पदरात वाढीव भावाचा फारच थोडा भाग पडला, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. १९९९ साली तेथील संसदेने निर्यातकर पुन्हा चढविला. त्या देशातही बागायतदार आणि कारखानदार यांचा वाद आपल्या गेल्या वर्षीच्या सभेप्रमाणेच झाला असेल, अशी कल्पना आम्ही करतो.

आता दुसऱ्या उपायाकडे वळू. त्यासाठी फार दूर जावयास नको. १९५७ साली वेंगुर्ले येथे फळसंशोधन केंद्र सुरू झाले. वेंगुर्ले तेव्हा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला तो १ मे १९८१ रोजी. १९५७ साली काजूबीची टंचाई कोणाच्या स्वप्नातही नव्हती. आफ्रिकेची बी हवी तितकी उतरत होती. अशा वेळी सरकारी पगार घेणारी काही माणसे कातळावरून हिंडून काजूची झाडे न्याहाळीत होती, त्यांना क्रमांक देत होती, कोणत्या झाडाला किती बी लागली, तिचे वजन किती, फोडल्यावर गर किती, याच्या नोंदी ठेवीत होती. गावातील शहाणी माणसे त्यांना हसली नसतील, असे आम्हांस वाटत नाही.

हे काम किती सावकाशीचे असते, ते समजून घेतले पाहिजे. काजूच्या मोहोराला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. त्यामुळे उत्तम झाडाची बी पेरली तरी रोप आईच्या गुणांवर जाईलच, असा भरवसा नाही. म्हणून दोन निवडक झाडांचा हाताने संकर करावयाचा, त्यातून आलेली बी पेरावयाची, तिची रोपे वाढवावयाची, ती फळास येईपर्यंत थांबावयाचे, आणि फळास आल्यावर आणखी काही वर्षे त्यांचे हिशेब ठेवावयाचे. एवढे करून पुष्कळ झाडांतून एखादेच पसंतीस उतरते. वेंगुर्ला-१ ही जात १९७४ साली बाहेर पडली. आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असलेली वेंगुर्ला-४ आली १९८१ साली. तिची आई बंगालकडील ‘मिदनापूर रेड’ आणि बाप आपल्या वेतोऱ्याचा, अशी ती सोयरीक आहे. टपोऱ्या बीची वेंगुर्ला-७ त्यानंतर १९९७ साली आली. तिची एक बी सुमारे दहा ग्रॅम भरते. आपल्या जुन्या गावठी झाडांची बी त्याच्या निम्म्यानेही भरली तरी आपण समाधान मानीत असू.

जात सापडली म्हणजे काम संपले, असेही नाही. ती लाखो झाडांत उतरली पाहिजे, आणि बियांपासून तर ती उतरत नाही. मृदुकाष्ठ कलमाची रीत बसली, तेव्हा कोठे एका मातृवृक्षापासून हवी तेवढी सारख्या गुणांची झाडे करता येऊ लागली. दरम्यान १८ मे १९७२ रोजी दापोलीस कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले होते आणि वेंगुर्ल्याचे केंद्र त्याच्या छत्राखाली आले होते. पुढे १९९० साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीस शंभर टक्के अनुदान दिले, तेव्हा वाटावयास घरचे कलम तयार होते. ते नसते तर त्या अनुदानाच्या पैशातून गावोगाव गावठी बियाच पेरल्या गेल्या असत्या. हिशेब करून पाहा: केंद्राच्या आरंभापासून वेंगुर्ला-४ पर्यंत चोवीस वर्षे, आणि कलम घराघरांत पोचण्यास आणखी दहा. आफ्रिकेचा माल आटल्यावर जागे होऊन कोणी १९७८ साली हे केंद्र काढले असते, तर त्याचे पहिले मोठे फळ नव्या शतकात हाती आले असते.

येथे थोडे घरचे सांगण्याची मुभा असावी. आमच्या आजोबांच्या हातची जी झाडे होती, त्यांतील एकाची बी सुपारीएवढी तर शेजारच्याची करवंदाएवढी. १९९२ साली आम्ही वरकस जमिनीत खड्डे मारून वेंगुर्ला-४ ची चाळीस कलमे लावली. वडिलांचा कलमांवर विश्वास नव्हता. “हातभर रोपाला मोहोर येतो, ते झाड कसले?” असे ते म्हणत. तिसऱ्या वर्षी बी लागली तेव्हा ते काही बोलले नाहीत. मात्र सकाळी उठून स्वतः वेचू लागले. एक चूक आमच्या हातून झाली, तीही सांगतो. कलम चांगले म्हणजे त्याची काळजी घ्यावयास नको, अशा समजुतीने आम्ही एका वर्षी मोहोराच्या दिवसांत ढेकण्यावर फवारणी केली नाही. सगळा मोहोर जळाल्यासारखा काळा पडला आणि त्या वर्षी पोतेभरही बी निघाली नाही. विद्यापीठाचे पत्रक तेव्हा आमच्या मेजाच्या खणात होते.

वेंगुर्ल्याच्या कामाची इतकी थोरवी गायिल्यावर, आपली उणीव कोठे राहिली, तेही बोलले पाहिजे. झाडाचे संशोधन झाले; फोडणीचे तितके झाले नाही. स्वस्त मजुरीवर बायका मिळत होत्या, तोवर यंत्राची निकड कोणालाच वाटली नाही. काजूबी वाकडी, टरफल चिवट, आत तेल, आणि गर अख्खा निघाला तरच त्याला किंमत. पाकळी झाली की भाव उतरला, तुकडा झाला की आणखी उतरला. हे काम यंत्राने होणारच नाही, असे आपण गृहीत धरून बसलो. व्हिएतनामने तसे गृहीत धरले नाही. तेथील कारागिरांनी आणि तंत्रज्ञांनी फोडणीची व सालपट काढण्याची यंत्रे घरीच घडविली, मोडली, पुन्हा घडविली. २००६ च्या सुमारास गराच्या निर्यातीत त्या देशाने आपणांस मागे टाकले. आणि यातील मर्माची गोष्ट अशी, की व्हिएतनामही आपली बहुतेक बी परदेशातूनच आणतो. आफ्रिकेच्या बीवर तो आपल्याहूनही अधिक विसंबून आहे. परावलंबन दोघांचेही सारखेच. परंतु एकाजवळ त्या मालाचे सोने करण्याची विद्या होती, आणि दुसऱ्याने ती वेळेवर कमावली नाही.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर आता आपल्या दोन घरांतील भांडणाकडे येतो. देशात वर्षाला सात-आठ लाख टन काजूबी पिकते. कारखान्यांना लागते ती याच्या दुपटीच्या आसपास. म्हणजे परदेशी बी बंद झाली तर निम्म्याच्या आसपास कारखाने बंद, हे उघड आहे. पूर्व आफ्रिकेचे पीक आश्विन ते पौष या दिवसांत निघते. त्या वेळी आपल्याकडे बीचा दाणा नसतो, आणि ती बी आपल्या कारखान्यांचे रिकामे महिने भरून काढते. तिच्याशी बागायतदाराचे भांडण असण्याचे फारसे कारण नाही, केवळ तिचा साठा होळीपर्यंत शिल्लक राहिला तरच आहे. पश्चिम आफ्रिकेचे तसे नाही. आयव्हरी कोस्ट हा आज जगातील सर्वांत मोठा उत्पादक. तो, बेनिन आणि गिनी-बिसाऊ यांचे पीक आपल्याच बरोबरीने, फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत येते. आपल्या बीचा भाव आठवड्याच्या बाजारात मोडतो तो या मालाच्या चाहुलीने. ‘परदेशी बी’ असे एकच नाव घेऊन दोन निराळ्या गोष्टींवर आपण वाद घालीत होतो, असे आमचे नम्र मत आहे.

मग कर बसवावा का? २०१८ च्या अंदाजपत्रकात काजूबीवरील आयातकर पाच टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आणला गेला. तो दहा किंवा वीस टक्के केला तर काय होईल? आफ्रिकेची बोट व्हिएतनामकडे वळेल, तेथे बी फुटेल आणि स्वस्त गर आपल्या बाजारात शिरू पाहील. कारण काजूगर खाण्यात आपला देश आज जगात पहिला आहे. गर अडविण्यासाठी सरकारने २०१९ साली त्यावर सत्तर टक्के कर बसविला आणि ठराविक किमतीखालील गर देशात येऊ न देण्याचा नियमही केला. म्हणजे एक दार लावले की दुसरे लावावे लागते, दुसरे लावले की खिडकी. आणि प्रत्येक दाराशी एक शिपाई व एक पळवाट निर्माण होते. याचा अर्थ दार सताड उघडे टाकावे, असा मात्र कोणी घेऊ नये.

कारण बागायतदार बंधूंचे दुःख खरे आहे. खत, मजुरी, फवारणी यांचा खर्च वर्षागणिक चढत जातो आणि बीचा भाव काही वर्षी उलटा उतरतो. ज्याचा संसार या एका पिकावर आहे, त्याला “चोवीस वर्षे थांबा, संशोधन चालू आहे” असे सांगणे ही क्रूर थट्टा होईल. गोवा सरकारने बागायतदारासाठी किलोमागे दीडशे रुपयांचा आधारभाव ठरविला होता. महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या हंगामासाठी किलोमागे दहा रुपये अनुदान देऊ केले. आपल्याकडील शेतकऱ्यांची मागणी मात्र दोनशे रुपये हमीभावाची आहे. कोणता आकडा योग्य, हा वाद आम्ही येथे करीत नाही. एवढेच म्हणतो, की बागायतदाराला तगवून धरण्याचा खर्च करामार्गे कारखान्यातील मजूर बाईच्या गळ्यात बांधण्यापेक्षा तो सरकारने उघडपणे आपल्या तिजोरीतून द्यावा, हे अधिक न्यायाचे. देशाची सरासरी हेक्टरी सातशे-आठशे किलोंच्या आसपास रेंगाळते. सात मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे दोनशे कलमे बसतात. झाडामागे आठ किलो जरी धरले तरी सोळाशे किलो होतात. हा आठशे किलोंचा फरक भरून निघाला, तर आफ्रिकेच्या बोटीशी भांडण्याचे निम्मे कारण उरणार नाही.

काजूतील परावलंबन फार तर आपली मिळकत कमी करते. याहून महागडा अनुभव आपल्याच जिल्ह्याने घेतला आहे. दाभोळचा वीज प्रकल्प सर्वांना नावाने ठाऊक आहे. वास्तविक तो दाभोळात नसून खाडीच्या अलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात आहे. १९९२ साली एन्रॉन कंपनीशी बोलणी झाली, १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला, १९९५ साली तो रद्द झाला आणि १९९६ साली सुधारून पुन्हा झाला. राजकारणाचा भाग आम्ही सोडून देतो. या प्रकल्पाची सगळी यंत्रे परदेशी, आणि जाळावयाचे इंधनही अखेर परदेशातून द्रवरूप वायू आणून पुरवावयाचे. १९९९ साली वीज सुरू झाली ती नाफ्त्यावर. खनिज तेलाचे भाव चढले, रुपया उतरला आणि विजेचा दर युनिटला सात रुपयांच्या पुढे गेला. २००१ च्या मेमध्ये वीज मंडळाने खरेदी थांबविली. डिसेंबरात ती कंपनीच अमेरिकेत दिवाळ्यात गेली. त्या किनाऱ्यावरील आपल्या काही कुटुंबांनी तेथील नोकऱ्यांच्या भरवशावर कर्जे काढून खोल्या बांधल्या होत्या. त्या पुष्कळ वर्षे रिकाम्या राहिल्या.

२००५ साली सरकारी कंपन्यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने तो प्रकल्प उचलून धरला. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील देशी वायू त्याला मिळू लागला आणि सर्वांना हायसे वाटले. परंतु समुद्राखालच्या त्या साठ्यातून अंदाजाप्रमाणे वायू निघेना. २०१३ पर्यंत पुरवठा बंद पडला आणि सुमारे दोन हजार मेगावॉटची यंत्रे पुन्हा थंड झाली. पुढे २०१५ च्या अखेरीस रेल्वेसाठी काही भाग चालू करावा लागला. येथे दाराचा उपाय निरुपयोगी होता, कारण इंधनावर कर बसवून ते घरी पिकत नाही; आणि दुसऱ्या उपायाचा तर आरंभी कोणी विचारच केला नव्हता. विकत घेतलेली वस्तू आणि ती चालविण्यास लागणारी वस्तू, दोन्ही परक्या असल्या म्हणजे माणूस दोनदा गिऱ्हाईक होतो.

याच्या उलट एक उदाहरण पुण्याचे आहे. १९८७ च्या सुमारास भारताला हवामानाच्या गणितासाठी अमेरिकेचा सर्वांत शक्तिमान संगणक हवा होता. तो नाकारण्यात आला आणि कमी ताकदीचा देऊ करण्यात आला. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तीन वर्षांत, सुमारे तीस कोटी रुपयांत, १९९१ साली ‘परम’ हा महासंगणक उभा राहिला. त्यातील सूक्ष्म घटक इंग्लंडहूनच आणले होते, हे मुद्दाम सांगतो. घरची होती ती जुळणीची विद्या, आणि तेवढी पुरेशी ठरली. मात्र विद्या एकदा कमावली की जन्माची झाली, असे कोणी समजू नये. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी देशात पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्या काळी घराघरांतील मुले त्या औषधाने वाचली. पुढे चीनचे मूळद्रव्य इतके स्वस्त मिळू लागले, की आपले एकेक कारखानदार ते करणे सोडून गेले. अखेर २०२० साली सरकारला हजारो कोटींच्या प्रोत्साहन योजनेत त्याचा समावेश करावा लागला, तेव्हा २०२४ साली आंध्रात काकीनाड्याजवळ ते पुन्हा निघू लागले. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलांना हा इतिहास माहीत असावा, म्हणून एवढे सांगितले.

आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा एक भागही खर्च करीत नाही. तो आकडा ०.६४ च्या आसपास अडकून आहे. चीन अडीचच्या, तर दक्षिण कोरिया पाचाच्या घरात आहे. २०२५ साली केंद्र सरकारने संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांचा निधी मंजूर केला आणि त्याच वर्षी चीनने दुर्मिळ मृदाधातूंच्या चुंबकांची निर्यात आवळली, तेव्हा आपल्या मोटारधंद्याचे धाबे दणाणले. निधी मोठा आहे, याचा आनंदच आहे. पण वेंगुर्ल्याच्या त्या माणसांकडे लाख कोटी नव्हते. त्यांच्याकडे सलग पंचवीस वर्षे कोणी न हलविलेली झाडे होती. संशोधनाच्या पैशात दरवर्षी थोडी वाढ झाली नाही तरी चालेल. परंतु मधल्या एका वर्षी तो तुटला, तर संकराची झाडे वाळतात आणि मागील दहा वर्षांच्या नोंदींची रद्दी होते.

म्हणून आता ठरावासंबंधी. केवळ करवाढीची मागणी करणारा ठराव मंडळाने करू नये, असा आमचा अभिप्राय आहे. त्याऐवजी सरकारकडे तीन गोष्टी मागाव्यात: पश्चिम आफ्रिकेचा माल उतरण्याच्या महिन्यांत बागायतदारास आधारभाव; वेंगुर्ल्याच्या केंद्रास रिकाम्या जागा भरून देण्याचे लेखी आश्वासन; आणि लहान कारखान्यांस परवडेल अशा फोडणी-यंत्रासाठी दापोलीच्या विद्यापीठात कायमचा विभाग. कारखानदार बंधूंनी या तिसऱ्या गोष्टीसाठी आपली बी आणि आपले कारखाने प्रयोगास मोकळे करून द्यावेत, आणि बागायतदार बंधूंनी आपल्या झाडांच्या उत्पन्नाच्या खऱ्या नोंदी द्याव्यात. आपल्यातील बागायतदार उत्पन्न विचारले की कमी सांगतात, आणि कारखानदार तूट विचारली की जास्त सांगतात, हे आम्ही दोन्ही घरचे पाहुणे या नात्याने जाणतो. (हशा.)

आणखी एक गोष्ट मंडळापुरती. आपल्या शिक्षणनिधीतून दरवर्षी पुष्कळ मुलांना थोडी थोडी रक्कम वाटण्यात येते. वह्यापुस्तकांपलीकडे तिचा उपयोग होत नाही, आणि यादी वाचून दाखविण्यातच सभेचा अर्धा तास जातो. त्या निधीचा एक भाग बाजूला काढून, कृषी अथवा यंत्रशास्त्रात संशोधन करू इच्छिणाऱ्या एका मुलास किंवा मुलीस सलग पाच वर्षे पुरेल अशी एकच शिष्यवृत्ती द्यावी, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे. ती देताना दरवर्षीच्या निकालाची अट नसावी. या सूचनेमुळे काही पालक नाराज होतील, याची आम्हांस कल्पना आहे. आमच्या स्वतःच्या घरात ती नाराजी सुरू झालेली आहे. सायंकाळच्या सभेत ही सूचना कामकाजात चौथी आहे, आणि तहकूब ठराव पाचवा. मृगापूर्वी कलमे हवी असतील त्यांनी जेवणाच्या सुट्टीत चिटणिसांकडे जात व संख्या लिहून द्यावी. मागील वर्षी पुष्कळांनी नुसतेच ‘काजू’ असे लिहिले होते.